लाईन आली का, बाई?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत त्या आमच्या आशाबाई, सहकारी शिक्षक, लांबून आलेले पालक आणि विद्यार्थी मित्रहो,

आपल्या या मुलचेऱ्याच्या शाळेत आशाबाईंनी आयुष्यभर मराठी शिकवलं. त्यांच्या लाल पेनाला कोण भ्यालं नाही? 'लाईन गेली म्हणून अभ्यास नाई झाला' असं कुणी वहीत लिहिलं, की 'लाईन'वर काट आणि वर ठसठशीत 'वीज'. बाई स्वतः सावली तालुक्याकडच्या. घरी त्याही लाईनच म्हणत असणार. पण वर्ग म्हणजे वर्ग! हसा, हसा, बाईही हसताहेत.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आपली स्वाती, बुधरीबाईंची लेक, हिचा नर्सिंगला नंबर लागला. त्यांच्या गावातून इतकी शिकणारी ती पहिलीच. जागा ऑनलाइन पक्की करायची होती आणि संध्याकाळी मुदत संपणार होती; नाहीतर जागा दुसऱ्याची. नेमकं त्याच दिवशी शाळेचं नेट बंद! मोबाइलवर नुसतं बोलणं होत होतं, आणि नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असल्यानं बाहेर जायची सोय नव्हती. बुधरीबाई व्हरांड्यात बसून. तोंडात पाण्याचा घोट नाही.

बाईंनी नेटच्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडचा मुलगा मोठा अदबशीर. म्हणाला, "मॅडम, नेटचा डबा बंद करून पुन्हा चालू करा. आता लाईन आली का?" बाईंनी डोक्यावर गरगरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं आणि ठणकावलं, "लाईन सकाळपासूनच आहे!" "छान मॅडम, तक्रार बंद करतो." पुन्हा फोन, पुन्हा नवा मुलगा, तोच प्रश्न आणि तेच उत्तर. वर संदेश आला, आपली समस्या सुटली आहे. बाई कडाडल्या, "अरे मेल्यांनो, सुटली कुठी?"

शेवटी स्वाती हळूच म्हणाली, "बाई, तो नेटची लाईन विचारून राह्यला, तुमी पंख्याची सांगून राह्यल्या!"

आम्हाला वाटलं, आता पोरीला बोलणी बसणार. पण त्यांनी फोन तिच्याच हातात दिला. "तूच सांग. तुझ्या बोलीत सांग." स्वाती म्हणाली, "दादा, पंखा फिरून राह्यला, पण नेट नाई. माही सीट जाईन." तेव्हा कुठे त्या मुलाच्या डोक्यात प्रकाश पडला. तार जोडणारा प्रवीण नाल्याच्या अलीकडचाच, म्हणून बरं. तो चिखल तुडवत आला. फांदी पडून तुटलेली तार त्यानं जोडली आणि मुदतीच्या आत जागा पक्की झाली. मग बुधरीबाईंनी पाणी मागितलं.

मंडळी, भाषा शुद्ध असावी, जरूर असावी. पण जीव टांगणीला लागला, की तोंडात घरचाच शब्द येतो ना? तो समोरच्याला कळला नाही, तर चूक कोणाची? बाईंनी यावर व्याख्यान दिलं नाही. त्यानंतर वहीतल्या 'लाईन'वर काट मारणं सोडलं. शेजारी बारीक अक्षरात 'वीज' लिहू लागल्या. आता दोन्ही शब्द पोरांचे आहेत.

अरे, माईकला काय झालं? पंखेही थांबले. हरकत नाही, मोठ्यानं बोलतो. काय म्हणालात, बाई? ऐकलंत का मंडळी? भर व्यासपीठावरून आशाबाई म्हणाल्या, "लाईन गेली!"

असो. बोलू दिलंत, शांतपणे ऐकलंत, आपला ऋणी आहे. कुठे शब्द चुकला असेल तर पदरात घ्या. आता शुद्ध काही सुचत नाही. बाई, तुमच्याबिगर आमाले करमणार नाई.