तात्यांचं नाक

कोथिंबिरीवरून आमचे चुलते आठवले. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. बेल्ह्याच्या बाजारातून येताना ते मोटारसायकलवरून पडले, डोक्याला मार लागला. जखम भरली, पण माणूस गप्प झाला. मग एकदा चुलीवरचं दूध करपून घरभर वास सुटला, तरी तात्या शेजारीच बसून. तेव्हा काकूला त्यांच्या नाकाची शंका आली.

पुढं कोथिंबीर काढायला आली. पहिली काडी चुरगाळायची, डोळे मिटून हुंगायची आणि मगच बायकांना वावरात उतरवायचं, ही तात्यांची कायमची रीत. त्या दिवशी काकू म्हणाली, "थांबा, मी देते."

तात्यांनी डोळे मिटले. काकूनं नुसती मूठ त्यांच्या नाकाशी धरली. मुठीत काहीच नव्हतं, मी शेजारीच उभा होतो.

तात्यांनी मोठा श्वास घेतला. म्हणाले, "यंदा लई वास धरलाय."

काकूनं मूठ खाली घेतली. मग म्हणाली, "व्हय, लईच धरलाय." आणि बायकांकडं वळली, "चला गं, लागा काढायला."

तात्या होते तोवर दर खेपेला काकू काडी चुरगाळून त्यांच्याच हातात द्यायची. "तुमी सांगा," म्हणायची, "मला काय त्यातलं कळत न्हाई."