चारशे दोनची मालकीण

(अमरावतीतली एक नवी इमारत. खालच्या काचेच्या दरवाज्याच्या आत पार्बताबाई खुर्चीवर मेथी निवडत बसल्या आहेत. टेबलाशी वॉचमन भगवंत. दरवाज्याच्या आत-बाहेर, दोन्ही बाजूंना कार्ड लावायचं मशीन, आणि काचेत बोलण्यापुरती जाळी. शनिवारची दुपार.)

पार्बताबाई : ...म्हंजे सहाच्या अगोदर मी घरमालकीण, अन् सहा वाजले का मी चोर. असा कायदा केला बाप्पा माह्या पोरानं. पुण्यात बसून.

भगवंत : नितेशभाऊले तुमची फिकर असन, माय.

पार्बताबाई : तू नको त्याची वकिली करू. त्याच्या फिकरीपायी मी दोन महिने तुह्यासंग अबोला धरला.

भगवंत : हाव. माहा चहाबी बंद केला होता तुमी.

पार्बताबाई : मंग काय करू? मी पाय बाहेर टाकला का पुण्याहून फोन. माय, कुठी चालली. वापस आली का पुन्हा फोन. माय, आज लय येळ लागला. मले वाटलं, टेबलावर बसलेला हा माणूसच चुगल्या करून राहिला. थ्या शेजारच्या रागिणीनं सांगतलं तवा समजलं, चुगली थे कार्ड करते. मशीनले लावलं का नितेशच्या फोनवर निरोप. हाताएवढंबी नाही, पण तोंड पाह्य त्याचं.

भगवंत : दसऱ्याच्या दिवसात काय झालं होतं म्हणे? मी सुट्टीवर होतो. लोकं काही काही सांगतात.

पार्बताबाई : लोकाचं राहू दे, मी सांगतो. भातकुलीच्या वावरात झेंडूची तोडणी होती. दिवसभर बायायच्या मांगं उभी. माल फुलबाजारात उतरवला, अन् घरी येता येता दिवस बुडाला. आली अन् मशीनले बटवा लावला.

भगवंत : तुमी कार्ड काही बटव्यातून बाहेर काढत नाही.

पार्बताबाई : कायले काढू? सुपारी, चुना, कार्ड, सारं एका जागी. कंबर जराशी मशीनकडे केली का दरवाजा उघडते. त्या दिवशी लाल दिवा. पुन्हा कंबर लावली, पुन्हा लाल. जाणारे-येणारे पाहून राहिले, म्हातारी मशीनले कंबर घासून राहिली. नितेशले फोन लावला, त थो मिटिंगीत. मंग एका पोरीनं तिचं कार्ड लावलं, दरवाजा धरला, म्हणे आजी, या न आत.

भगवंत : मंग आत याचं होतं.

पार्बताबाई : माह्या घरात मी दुसऱ्याच्या कार्डानं जाऊ? म्हटलं, जाय माय तू. अन् बसली पायरीवर. थो फोन उचलेपरेंत बसली. तवा सांगते मले, माय, तुह्या कार्डाले मी वेळ लावून ठेवली, अंधार पडल्यावर तू फिरू नाही म्हणून. मले लावली वेळ. कोंबड्याले खुराड्यात कोंडाची लावते तशी.

भगवंत : माय, बाहेर ऑटो थांबला. नितेशभाऊच दिसतात.

पार्बताबाई : दिसू दे. तू उठू नको.

नितेश : भगवंतभाऊ, जरा बघा ना. माझा फोन लावतोय तर मशीन लाल दाखवतंय. नेटवर्क गेलंय का? अरे, आई, तू खालीच आहेस. बरं झालं. आतून तुझं कार्ड लाव.

पार्बताबाई : कोण पाहिजे?

नितेश : म्हणजे?

पार्बताबाई : भगवंत, बाहेरून माणूस आला का तू काय विचारतं?

भगवंत : मायलेकाच्या मधात मले नका घेऊ, माय.

पार्बताबाई : ड्युटीवर हायेस न? विचार.

भगवंत : नाव काय, भाऊ?

नितेश : भगवंतभाऊ, तुम्ही मला ओळखत नाही?

भगवंत : चांगला ओयखतो. पण विचारा लागते. कोणत्या फ्लॅटमध्ये जायचं हाय?

नितेश : चारशे दोन. माझ्या घरी.

पार्बताबाई : कोणाच्या?

नितेश : आपल्या.

पार्बताबाई : अजून एकदा.

नितेश : तुझ्या, आई. बाबांनी तुझ्या नावावर घेतला, तुझा आहे. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून आलोय. गाडी वाटेत बंद पडली, सकाळी पोचणारा माणूस दुपारी पोचलाय. हे आत येऊन बोलू ना.

पार्बताबाई : भगवंत, टाक याचं नाव तुह्या फोनात.

भगवंत : टाकलं. फोटोबी घेतला. आता घरमालकाले विचारन थे.

नितेश : मग माझ्याच फोनवर येईल. मीच आहे मुख्य नंबर. थांबा, मीच होकार देतो... काहीच येत नाहीये.

पार्बताबाई : येणार कसं? अठी माहा फोन वाजून राहिला, मेथीच्या खाली. पाह्य. नि-ते-श. पा-हु-णा. अक्षर लावून वाचता येते मले. फोटोत डोये लय सुजलेले दिसतात, झोप नाही झाली काय?

नितेश : तुझ्या फोनवर? हे कोणी करून दिलं तुला?

पार्बताबाई : करून कोण देते? मी केलं. कालच शेखरभाऊकडे गेली, सेक्रेटरी. म्हटलं, मालकीण मी, त मुख्य फोन माहा पाहिजे. थो म्हणे, काकू, नितेशले विचारून पाहतो. म्हटलं, माह्या कार्डाले वेळ लावली तवा मले कोणी विचारलं होतं? मंग केलं त्यानं. रागिणीनं एकदा दाखवलं. हिरवं दाबलं का माणूस आत, लाल दाबलं का बाहेर. हिरवं-लाल मले मिरचीच्या वाफ्यापासून समजते.

भगवंत : तिसऱ्या मजल्यावरच्या आशाबाईनंबी शेखरभाऊले बोलावणं धाडलं, भाऊ. म्हणे, पार्बताबाईचं केलं तसं माहंबी कर.

पार्बताबाई : करू दे. चांगलं हाय.

नितेश : म्हणजे माझं नावच काढून टाकलंस? आई, मी काय तुला कोंडायला केलं होतं? श्रावणात तू वावरात पडलीस. बांधाशी पडून होतीस, आजूबाजूला कोणी नाही. मला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही दुसऱ्याच माणसाकडून. त्या दिवसापासून ऑफिसात फोन वाजला की वाटतं, तू पुन्हा पडलीस.

पार्बताबाई : पडली, हाव. अन् उठली कोण? मीच न?

नितेश : आणि पुढच्या वेळी नाही उठलीस तर?

पार्बताबाई : त दरवाज्याले काय समजन? मी पडीन भातकुलीत, मशीन हाय अमरावतीत. त्याले इतकंच समजते का म्हातारी गेली. पडली का बसली, जेवली का उपाशी हाय, थे माह्यासंगच्या बाया सांगतीन. शकुन सांगन, जी मले त्या दिवशी पाणी घेऊन आली. शकुनचा नंबर हाय तुह्यापाशी?

नितेश : नाही.

पार्बताबाई : दुसऱ्या कोणाचा? एकीचा तरी?

नितेश : नाही.

पार्बताबाई : पाह्य. मशीनचा तेवढा हाय.

भगवंत : माय, भाऊचा चेहरा उतरला. ब्यागबी हातातच हाय. घ्या न आता आत.

पार्बताबाई : ब्याग खाली ठेवाले कोणी मनाई केली काय त्याले?

नितेश : मंग मी काय करू, माय? तिकडं बसून काय करू सांग न.

पार्बताबाई : मले विचार. तू रोज फोन करत होता, दिवसातून दोन-दोनदा. पण मले काही विचारत नोयता. दरवाज्यानं जे सांगतलं, थे मलेच वाचून दाखवत होता.

नितेश : खरं आहे.

पार्बताबाई : पुण्याच्या भाषेत नको सांगू. तोंडातून नीट निघू दे.

नितेश : चुकलं माहं.

पार्बताबाई : आता आईक. माह्या कार्डाले वेळ नाही. दिवसा नाही, राती नाही. माहा निरोप कोणाच्या फोनवर जाणार नाही. शकुनचा नंबर मी देतो, थो लिहून घेजो, अन् वावराचा हालहवाल तिले विचारजो, थे लपवणारी बाई नोय. मले फोन केला त पयले गुडघ्याचं विचारजो. मंजूर?

नितेश : मंजूर. आज जायचं आहे का वावरात?

पार्बताबाई : शेवंतीच्या कळ्या पाहाच्या हायेत. दिवाळीले बाजारात माल गेला पाहिजे. ऊन उतरलं का निघतो.

नितेश : मी येऊ?

पार्बताबाई : जेवून घे, मंग चाल. टोपले उचलाले माणूस लागतेच.

भगवंत : मंग दाबा माय हिरवं. मलेबी जेवाचं हाय.

नितेश : एक विचारू? माझा फोन परत चालू करून देशील ना मशीनला? दरवेळी असं नाव सांगत उभं राहायचं...

पार्बताबाई : दरवेळी. तू मशीनपाशी येशीन, भगवंत नाव टाकन, मशीन मले विचारन, अन् मी हातातलं काम झालं का हिरवं दाबीन.

नितेश : किती दिवस?

पार्बताबाई : दाबलं पाह्य, ये आत. तू खराब नाहीस, नितेश. तुले कोणाच्या दारात थांबाची सवय नोयती, इतकंच. लागन आता.