झेंडूच्या देठाला अठ्ठ्याण्णव

मी, सोपान मारुती गव्हाणे, वय ४९ वर्षे, धंदा शेती (झेंडू व भाजीपाला), रा. निमोणे, ता. शिरूर, जि. पुणे. आज दिनांक ०४/१०/२०२५ रोजी शिरूर पोलीस ठाण्यात कोणी न बोलावता समक्ष हजर राहून जबाब देतो की,

दिनांक ०१/१०/२०२५ रोजी खंडेनवमी होती. सकाळी साडेसातच्या सुमारास मी ओट्यावर पाट मांडून खुरपी, विळा व फवारणीचा पंप पूजेला ठेवला. घरात बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचे यंत्र आहे. माझी नात ज्ञानेश्वरी, वय ४ वर्षे, हिच्या तब्येतीबाबत माझा सगळा भरवसा त्या यंत्रावर होता, म्हणून तेही पाटावर ठेवले. हळदकुंकू वाहिले. फूल वर राहीना, म्हणून झेंडूचा देठ यंत्राच्या चिमट्यात धरला. त्या वेळी बटण दाबले गेले असावे. दिवा लागला व आकडा आला, ९८. खाली नाडीचे ठोके ७६.

मी फूल काढून परत लावले. ९७. मग गवारीची शेंग लावली. ९८.

ज्ञानेश्वरीस न्यूमोनिया झाला होता. दिनांक २२/०९/२०२५ रोजी तिला शिरूरच्या दवाखान्यातून घरी आणले. डॉक्टरांनी सांगितले होते की सकाळ-संध्याकाळ ऑक्सिजन बघा, ९४ च्या खाली आला तर थांबू नका. त्याप्रमाणे हरिपाठ झाला की मी स्वतः तिचे बोट धरून आकडा बघत असे व भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत असे. एकही आकडा ९७ च्या खाली नाही. ते कॅलेंडर सोबत आणले आहे.

दिनांक २९/०९/२०२५ रोजी सकाळी सून पूनम मला म्हणाली, "आबा, पोरगी श्वास घेती तवा फासळ्या आत जात्यात. दूध बी अर्ध्यात सोडतीय. दवाखान्यात नेऊ."

मी म्हणालो, "अठ्ठ्याण्णव हाय. माझ्यापेक्षा चांगला हाय तिचा."

दुसऱ्या दिवशी ती परत म्हणाली, "आबा, तुम्ही पोरीकडं बघा की. त्या डबीकडं काय बघताय?" मी तिला गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर हात ठेवून सांगितले की काळजीचे कारण नाही.

खंडेनवमीला पूजा तशीच टाकून आम्ही शिरूरला गेलो. दवाखान्यातल्या यंत्रावर ८१ आले. नर्सने मुलीला पूनमच्या हातातून घेतले व आत नेले. ज्ञानेश्वरी अद्याप आतच आहे.

सदरचे यंत्र माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा विक्रम, रा. वरवंड, ता. दौंड, याने दिलेले आहे. त्याचे तेथे दवाखान्याला लागणाऱ्या वस्तूंचे दुकान आहे. श्रावणात गावच्या सप्त्यात त्याने पाच यंत्रे आणली व म्हणाला, "मामा, तुमच्या हातनं वाटा. तुमचा शब्द गावात चालतो." मी एक घरी ठेवले व चार वाटली. पुढे 'निमोण्याच्या आबांनी वाटलेलं यंत्र' असे सांगून तो दुसऱ्या गावांत ती विकत होता, हे मला आता कळले.

त्याच दिवशी दुपारी चारला दवाखान्याच्या व्हरांड्यातून मी त्याला फोन करून शेंगेवर आलेला आकडा सांगितला. तो हसून म्हणाला, "मामा, शेंगंला कशाला लावता? उद्या म्हशीच्या शेपटीला लावाल." मी ज्ञानेश्वरीचे सांगितले. तेव्हा तो म्हणाला, "माल वरनंच तसला येतो. आकडा बघून माणसं निर्धास्त झोपत्यात, त्यात वाईट काय?" रात्री बहिणीचा फोन आला. ती म्हणाली, "दादा, भाचा हाय तुझा. भाच्याच्या पाया पडत्यात आपल्यात." मी फोन ठेवला.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. आमच्या शेजारी बयाबाई नावाच्या वृद्ध बाई राहत होत्या. चारपैकी एक यंत्र त्यांच्याकडे होते. दिनांक १२/०९/२०२५ रोजी पहाटे त्यांच्या मुलाने मला बोलावले. बयाबाईंचा हात गार होता व बोटे ताठली होती. मी यंत्र लावले. आकडा ९७ आला. जीव अजून अडकला आहे असे समजून मी त्यांच्या तोंडात तुळशीचे पाणी घातले. ते गालावरून खाली आले. यंत्र मी पुसून खिशात ठेवले व कोणाला काही बोललो नाही. ज्ञानेश्वरी घरी यायला तेव्हा दहा दिवस होते.

काल व आज मी यंत्रे दिलेल्या बाकीच्या तिन्ही घरी गेलो. प्रत्येक ठिकाणी त्यांच्यासमोर यंत्र गवारीच्या शेंगेला लावून दाखवले व परत घेतले. बयाबाईंचे व आमचे धरून पाचही यंत्रे येथे जमा केली आहेत. विक्रमचे नाव मी स्वतःहून सांगितले आहे. ज्याने ती गावात वाटली त्याचेही नाव, म्हणजे माझे, त्याच्याखाली लिहावे अशी माझी विनंती आहे.

हवालदारसाहेबांनी हा जबाब मला वाचून दाखवला. बयाबाईंच्या मजकुरात त्यांनी माझ्या बाजूने 'अनवधानाने' असा एक शब्द घातला होता. तो मी खोडायला लावला व तेथे सही केली. आता जबाब मी सांगितला तसा आहे.