अर्ध्या मीटरची पेशी

तुमी म्हणता ना, तपासणीले साहेब आले की आपल्या पोरायची बोबडी वळते? मंग माह्या आठवीतल्या सुजाताचं आयका.

मानोऱ्याजवळच्या आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक एकच. कांद्याची पातळ साल लावून मी पोरायले पेशी दाखवून राह्यलो होतो, तेवढ्यात तपासणीचे साहेब आले. त्यायले राहवलं नाही. खडू उचलला, फळ्यावर मोठ्ठी, सुंदर पेशी काढली अन् खाली लिहिलं, 'शंभर पट'.

सुजाता उठली. "सर, हे चूक हाय."

मी तिले डोळ्यानंच खाली बसाले सांगतलं. शेरा तं साहेबच लिहिणार होते!

"चूक? अगं, यंत्र शंभर पटच दाखवतं ना?" साहेबांनी विचारलं.

"यंत्र दाखवते सर, पण तुमचं चित्र? मी भिंगाखाली पट्टी ठेवून पाह्यलं. एका मिलिमीटरात तीन पेशी बसतात. शंभर पट केली तं एक पेशी तीन सेंटीमीटरच भरते. तुमची तं अर्धा मीटर हाय."

साहेबांनी पट्टी मागितली, स्वतः मोजलं, 'शंभर पट' पुसलं अन् खडू तिच्या हातात देला. तिनं ठसठशीत लिहिलं, 'दीड हजार पट'.

साहेब हसले. "वडील जमीन मोजणीत आहेत का गं?"

"नाही सर. शेजारच्या काकानं नकाशाचं माप चुकीचं धरलं अन् बांध आमच्या वावरात सरकवला होता. ह्याच पट्टीनं मी तो मांगं नेला."