रांजणावरची डबी

मंडळी, आज देवाला नंतर हाक मारू. आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. घरात कुणीच कुरकुर करत नाही, सगळं गप्प आहे — तर ते घर सुखी म्हणायचं का?

त्या खांबाशेजारच्या काकांनी लगेच मान डोलावली! काका, काकू बायकांच्या बाजूला बसल्यात, जपून!

ऐका तर. आंबेसावळी नावाचं गाव. तिथं उद्धवराव आणि त्यांची गोदा. धंदा रेशमाचा. तुतीचा पाला आणायचा, शेडमधल्या रॅकवर अळ्यांना घालायचा. अळ्या पाला खाताना आवाज कसा येतो ठाऊक आहे? पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसा! गोदा दारात उभी राहायची, कान द्यायची आणि म्हणायची, "आज ऊन होतंय पोरींना. गोणपाट भिजवा." उद्धवरावांना दहा वेळा उठवायची.

अशात इंजिनिअरिंग कॉलेजातली शर्वरी नावाची मुलगी आली. तिचं संशोधन चाललेलं. तिनं शेडमध्ये एक डबी टांगली. आत किती उष्णता, किती ओल — डबी सगळं मोबाइलवर सांगणार. शेड तापलं तर मोबाइल ओरडणार!

उद्धवराव खूश. "गोदे, तू आता आत जायचं नाहीस. दार उघडलं की गरम वारा शिरतो. डबी बघते सगळं!"

पण डबी निघाली गोदेच्या वरताण! दार किलकिलं झालं — ओरडली. डबीवर पाल बसली — ओरडली. उद्धवराव बारशाला गेले; पाळण्यात बाळ झोपलं आणि यांच्या खिशात बोंब! बाळ उठलं, आत्याबाई उठल्या, उद्धवराव तिथून उठले!

एका दिवसात नऊ वेळा. नऊही वेळा आत सगळं ठीक.

मग या माणसानं काय केलं असेल? मोबाइल बंद केला? छे! हुशार माणूस! शेडच्या कोपऱ्यात गोणपाट भिजवायला पाण्याचा रांजण होता. यानं डबी काढली आणि ठेवली रांजणाच्या झाकणावर. गार गार! डबी गप्प. मोबाइलवर हिरवा ठिपका — चोवीस अंश, सगळं ठीक.

अहो, थंडावा अळ्यांना द्यायचा की डबीला?

गोदा म्हणाली, "बोलत होती तवर नकोशी झाली व्हय?"

"तू गप!" — म्हणजे दोघींचीही सोय लावली!

एप्रिलची दुपार. वीज गेली, शेडमधला कूलर थांबला. उद्धवराव लिंबाच्या सावलीत चारचौघांना हिरवा ठिपका दाखवतायत. गोदा पाल्याचा भारा घेऊन शेडवरून निघाली, आणि थबकली. आतून आवाज नाही! कात टाकताना अळ्या गप्प असतात, पण शेवटची कात चार दिवसांपूर्वीच झालेली. आता तर कोश विणायच्या आधी त्यांनी अधाशासारखं खायला हवं. बावीस दिवसांची मेहनत त्या रॅकवर!

"आवं, धावा! पोरी खाईनात!"

"चोवीस दाखवतंय गं!"

"ते मला कशाला दाखवता? त्यांना दाखवा!"

दार उघडलं — भट्टी! अळ्या माना टाकून पडलेल्या. खिडक्या उघडल्या, गोणपाटं भिजवली, शेजारीपाजारी घागरी घेऊन धावले. चार रॅकपैकी दोन वाचले. दोन गेले.

दुसऱ्या दिवशी शर्वरी आली. उद्धवराव तावातावानं म्हणाले, "तुमची डबी खोटारडी आहे!"

पोरीनं रांजण पाहिला. "काका, डबी खरंच बोलली. रांजणावर चोवीसच होतं." मग खाली बसली. "पण चूक आमचीही आहे. नऊदा उगाच ओरडली तर दहाव्यांदा कोण ऐकणार? कधी ओरडावं, कधी नाही, हे तिला नीट शिकवणं आम्हाला अजून जमलेलं नाही. आपल्याला जागेवरून हलवलंय, हेही तिला कळत नाही. आणि एकटीवर सगळं सोपवलं, ते तर फारच चुकलं."

गोदा म्हणाली, "मग दोन लाव. एक खोटं बोलली तर दुसरी चहाडी करंल!"

"तेच करणार आहे, काकू! आणि एक आवाज ऐकणारी. पण ऐकायचं काय, ते तुम्ही शिकवा."

उद्धवराव खाली मान घालून उठले आणि स्वतःच्या हातानं गोदेसाठी शेडचं दार उघडलं.

कुणाचा मोबाइल वाजतोय तो? वाजू द्या, वाजू द्या! आज वाजणाऱ्याला माफी आहे.

मंडळी, आमची ही म्हणायची, "अहो, पायाला सूज येतेय." मी पोथी चाळत म्हणायचो, "हं." पुन्हा म्हणायची, मी पुन्हा "हं." मग तिनं सांगणं बंद केलं. मला वाटलं, बरी झाली. गावोगाव कीर्तनं करत हिंडलो. माझ्याही घरी हिरवा ठिपका होता!

श्रावणात तिला जाऊन वर्ष होईल. आता घरात कुरकुर नाही. काका, ते सुख तुम्हाला नको.

आता टाळ घ्या, देवाचं नाव घेऊ. मग घरी जा, आणि जे माणूस हल्ली काही बोलत नाही, त्याला विचारा, "कसं आहे?" ते म्हणेल, "ठीक आहे." तेवढ्यावर उठू नका. त्याला आपण रांजणावर नेऊन बसवलंय का, ते आधी बघा!