माळ्यावरचा हिरवा मॉनिटर

जुन्या वस्तू टाकू नयेत, हे मी उगाच नाही सांगत. आमच्या आचोळ्याच्या सोसायटीत कॅमेऱ्यांचा टीव्ही बिघडला, तेव्हा मीच माळ्यावरून माझ्या पहिल्या कॉम्प्युटरचा मॉनिटर काढून जोडून दिला. काळ्या काचेवर सगळं हिरवंच दाखवणारा, तो. सेक्रेटरी गावडे एकदम खूश. "काय स्वच्छ दिसतंय हो."

दुसऱ्याच दिवशी कोणीतरी पाण्याच्या टाकीच्या झाकणावर स्कूटर लावून गेलं आणि टँकर पाणी न देता परत गेला. गावड्यांनी रेकॉर्डिंग लावलं, बिल्डिंग गोळा केली आणि सगळ्यांसमोर म्हात्रेबाईंना विचारलं, "ही स्कूटर हिरवी आहे. बिल्डिंगमध्ये हिरवी स्कूटर फक्त तुमची. आता बोला."

बाईंनी शांतपणे चष्मा लावला आणि पडद्याजवळ गेल्या.

"गावडे, स्कूटरवरून उतरलेला माणूसपण हिरवाच आहे की."

"मग?"

"मग काय, नीट बघा. तुमचे जावई आहेत."

सगळे पुढे सरकले. जावईच होते, हातात मिठाईचा पुडा घेऊन जिन्याकडे निघालेले.

गावड्यांनी हात लांब करून मॉनिटर बंद केला. म्हणाले, "या जुन्या डबड्यावर धड काही दिसत नाही."