शिफ्टचा पार्टनर

पार्टनर घोरतो, पार्टनर माझा साबण वापरतो, असली रडगाणी मला सांगूच नका. मी रांजणगावला कंपनीत लागलो, तेव्हा शिक्रापूरला एक वन बीएचके बघायला गेलो. घरमालक आप्पांनी आधी विचारलं, "शिफ्ट कुठली?"

"डे."

"मग जमलं. आमच्या सुनीलची नाईट हाय. एकमेकाची अडचण न्हाई."

तिकडं शिफ्टवर खोल्या वाटून घेतातच, म्हणून मी लगेच हो म्हटलं. कामावरून यावं तर बादली भरलेली, दोरीवरचा टॉवेल ओला. सुनील मात्र कधी दिसला नाही. सुट्टीला मी गावी जायचो. पुढं माझी नाईट लागली, मी दिवसभर घरात, तरी कोणी फिरकलं नाही. आप्पांना विचारलं तर म्हणाले, "तुमची शिफ्ट बदलली, तशी त्याचीबी बदलली की."

एका संध्याकाळी आप्पांनी चहाला बोलावलं. भिंतीवर कंपनीच्या युनिफॉर्ममधल्या पोराचा फोटो होता आणि फोटोला ताजा हार.

"आप्पा, हे कोण?"

"सुनील. ड्युटीला जाताना हायवेवर ट्रकनं उडवलं त्याला. उद्या सुट्टीला गावी जाणार का तुम्ही?"

"न... नाही."

"बरं झालं. सुट्टीला त्योबी घरीच असतोय. आता गाठ पडंल दोघांची."

कप तसाच ठेवला आणि वळकटी आणायला पळालो. मीच बाहेरून लावलेलं कुलूप काढलं, दार ढकललं.

आतून कडी होती.